साठ की चाळीस

सुरत हे शहर उघड्या व्यवहाराचे म्हणून प्रसिद्ध आहे. महिधरपुऱ्याच्या हिराबाजारात रस्त्याच्या कडेला, उभ्याउभ्या, लाखो रुपयांचे हिरे कागदाच्या घडीतून एका हातातून दुसऱ्या हातात जाताना कोणाही वाटसरूस दिसतात; रिंग रोडवरील कापडबाजारात साड्यांचे गठ्ठे हातगाड्यांवर इतक्या बिनदिक्कतपणे लादलेले असतात की, येथे झाकून ठेवण्यासारखे काही असेल अशी शंकाही परक्या माणसाला येऊ नये. परंतु या साऱ्या व्यवहाराचा प्राण जो भाव, तो मात्र या शहराने शतकानुशतके झाकूनच ठेवला आहे. माल चारचौघांत आणि दर दोघांत, असा येथला शिरस्ता. आणि तो ज्याच्या अंगवळणी पडला नाही, त्याने या बाजारात पेढी टाकण्याच्या भरीस पडू नये हे उत्तम.

सतराव्या शतकात, जेव्हा या बंदराचा कारभार मोगल बादशहाचा मुत्सद्दी पाहत असे आणि इंग्रज व वलंदेज यांच्या वखारी येथे एकमेकींवर डोळा ठेवून होत्या, तेव्हा ताव्हेर्निए नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या या बंदरातून हिंदुस्थानात येजा करीत असे. १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने गोवळकोंड्याकडील हिऱ्यांच्या खाणींवर चालणाऱ्या सौद्यांची जी हकिगत दिली आहे ती मोठी चित्तवेधक आहे. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसत, एकाच्या शेल्याखाली दोघांचे हात जात, आणि मग तोंडातून चकार शब्द न काढता बोटांनी भाव ठरे: सबंध पंजा म्हणजे हजार, एक बोट म्हणजे शंभर, बोटाच्या मधल्या पेरापर्यंत धरले तर पन्नास, आणि नुसते टोक धरले तर दहा. भोवती माणसांचे कडे असावे, त्यांत दोघांचे प्रतिस्पर्धीही असावेत, आणि तरीही त्या सर्वांदेखत झालेला सौदा कोणासही कळू नये, ही किमया ताव्हेर्निएला अपूर्व वाटली. खानदेशातल्या बैलबाजारात ज्याने उपरण्याखाली हात घालून बसलेले हेडे आणि शेतकरी पाहिले आहेत, त्याला मात्र ती तितकी अपूर्व वाटणार नाही. आमच्याकडे करपल्लवी हा काव्यातला शब्द असला तरी तिचा खरा उपयोग बैलाच्या दातांची परीक्षा झाल्यानंतरच होत आला आहे.

कापडबाजाराची रीत निराळी. तेथे भाव बोटांत नसतो, चिठ्ठीवर असतो, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असतो. फक्त तो त्याला वाचता येत नाही. ही युक्ती साऱ्या जगातल्या दुकानदारांना ठाऊक असली तरी ती ज्याच्या ज्याच्या घरी आहे त्याला आपल्या पेढीचा खास शोध वाटते. घरातला वडीलधारा माणूस दहा अक्षरांचे, एकही अक्षर पुन्हा न येणारे असे एखादे वाक्य किंवा नाव निवडतो, आणि त्यातल्या एकेका अक्षराला एक ते नऊ व शेवटी शून्य असे आकडे वाटून देतो. खऱ्या पेढीची किल्ली लिहिणे हा विश्वासघात होईल, म्हणून उदाहरणापुरती मीच एक बनवतो: सदा मनी भज रघुपति. अक्षरे बरोबर दहा, एकही पुन्हा आलेले नाही, आणि देवाचे नावही तोंडी राहते. आता खरेदीचा दर आठशे तीस असेल तर चिठ्ठीवर ‘घुमति’ असे येईल, तीस असेल तर ‘मति’, एकवीस असेल तर ‘दास’. गिऱ्हाईक साडीचा पदर हातात घेऊन ‘काही कमी करा’ म्हणून घासाघीस करीत असते, आणि गादीवर बसलेला नोकर चिठ्ठीकडे पाहून ‘परवडत नाही, बेन’ असे किती ठामपणे म्हणावयाचे ते ठरवीत असतो. अशाच एका पेढीवर कीर्द-खतावणी करण्यात माझे आयुष्य गेले, आणि ती किल्ली माझ्या हाडीमासी इतकी खिळली की, अजूनही रस्त्यावरील एखादी पाटी वाचताना तिची किंमत माझ्या मनात आपोआप उमटते.

महाराष्ट्रातील सराफ आणि दलाल यांनी यासाठी एक सबंध बोलीच तयार केली होती. तिला नंदभाषा म्हणत. केवली म्हणजे एक, उधानू म्हणजे तीन, पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच, अंगुळू म्हणजे दहा. दलालांच्या तोंडी असलेले हे शब्द कोणा भक्ताने उचलून शंकराच्या पाच मुखांचे, तीन नेत्रांचे आणि दहा हातांचे वर्णन करण्यासाठी अभंगात वापरले, आणि मोल्सवर्थच्या कोशाने त्यांना आश्रय दिला, म्हणून आज ते आपल्याला ठाऊक तरी आहेत. एरवी चोरटी भाषा मरते तेव्हा ती आपली किल्लीही बरोबर घेऊन जाते.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, ज्या शहराचा जीव अशा झाकलेल्या आकड्यांत आहे, त्याच शहराच्या लिंबायत, डिंडोली, नवागाम, पांडेसरा या भागांत आज संध्याकाळी शेकडो मुले-मुली वह्या उघडून अक्षरांचे आकडे आणि आकड्यांची अक्षरे करीत बसलेली असतात, आणि त्यांतली पुष्कळशी मराठी असतात. उधना ते जळगाव या लोहमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबार येथून जी कुटुंबे यंत्रमागांच्या आणि रंगाई-छपाईच्या कामासाठी येथे आली, त्यांची ही दुसरी-तिसरी पिढी. बाप रात्रपाळीला लूमवर उभा, आई घरी बसून साड्यांवर टिकल्या आणि खडे चिकटवण्याचे काम करणारी, आणि मुलगा किंवा मुलगी रेल्वेच्या, बँकेच्या, पोलीस शिपायाच्या किंवा तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करणारी, असे चित्र या वस्त्यांत घरोघर दिसते. घोडदोड रस्त्यावरच्या नर्मद मध्यवर्ती ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत जागा मिळाली तर ही मुले तेथे बसतात, नाही तर घराच्या ओट्यावर; आणि त्यांना ‘रिझनिंग’ नावाचा जो विषय असतो त्यातील सांकेतिक भाषेचे प्रश्न घेऊन काही जण माझ्याकडे येतात. मी काही त्या विद्येचा पंडित नव्हे. पण जन्मभर चिठ्ठ्यांवरची अक्षरे वाचलेल्या माणसाला हे येत असले पाहिजे असा त्यांच्या आईबापांचा समज आहे, आणि तो दूर करण्याची घाई मीही केलेली नाही.

या प्रश्नांची जात ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. इंग्रजी वर्णमालेतील सव्वीस अक्षरांना एक ते सव्वीस असे क्रमांक असतात, आणि ते पाठ नसतील तर पुढे काहीच होत नाही. ते पाठ होण्यासाठी मुलांनी ‘इजॉटी’ असा एक मंत्र केला आहे: ई पाच, जे दहा, ओ पंधरा, टी वीस, वाय पंचवीस, मधली अक्षरे या खुंट्यांवरून मोजून घ्यावयाची. उलट क्रमाने येणाऱ्या अक्षरांसाठी, म्हणजे पहिल्याच्या जागी शेवटचे, दुसऱ्याच्या जागी उपान्त्य अशा जोड्यांसाठी, निराळी मंत्रावली आहे. जी आणि टी यांची जोडी म्हणून ‘जी टी रोड’, आय आणि आर म्हणून ‘इंडियन रेल्वे’, के आणि पी म्हणून ‘कानपूर’, एल आणि ओ म्हणून ‘लव्ह’. शेवटचा शब्द उच्चारताना वर्गातल्या मुली खाली पाहतात. रेल्वेच्या एका प्रसिद्ध परीक्षेच्या पहिल्या फेरीत नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न असतात, त्यांपैकी तीस या विषयाचे. चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागे एक तृतीयांश गुण कापला जातो. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटही वाट्यास येत नाही, आणि तेवढ्यात एका अज्ञात माणसाने केलेल्या गुपिताचा उलगडा करून चार पर्यायांतून एकावर बोट ठेवावयाचे असते.

गुप्तलिपी वाचणे ही आपल्याकडे प्रतिष्ठित कला होती हे मुलांना सांगितले तर ती विश्वास ठेवीत नाहीत. वात्स्यायनाने ज्या चौसष्ट कला सांगितल्या त्यांत म्लेच्छितविकल्प या नावाने ही एक आहे, आणि जयमंगला टीकेच्या कर्त्याने तिचे प्रकारही दिले आहेत. त्यांपैकी मूलदेवाच्या नावाने चालणाऱ्या लिपीत च-वर्गाची अदलाबदल ट-वर्गाशी आणि त-वर्गाची प-वर्गाशी होते. म्हणजे च च्या जागी ट, ज च्या जागी ड, त च्या जागी प. प्रेमपत्रांसाठी आणि कुटिल राजकारणासाठी योजलेली ही विद्या मनुष्याची बुद्धी मोजण्याच्या कामी केव्हा आली, याचा एक टप्पा मात्र बराच स्पष्ट आहे. अमेरिकेत टर्मन याने १९१६ मध्ये बिने यांच्या कसोट्यांची जी सुधारून वाढवलेली आवृत्ती काढली, तिच्यात प्रौढांसाठी एक प्रश्न असा होता की, तेथील यादवी युद्धात वापरलेली, उभ्या-आडव्या रेघांच्या चौकटींची सांकेतिक लिपी दाखवावयाची, ती समजावून द्यावयाची, आणि मग न पाहता तिच्यात एक लहानसा निरोप लिहावयास सांगावयाचे. लष्करी हेराचे हत्यार असे मानसशास्त्रज्ञाच्या टेबलावर आले. आपल्या मुलुखात बिने यांच्या कसोट्या मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवण्याचे प्रचंड काम व्ही. व्ही. कामत यांनी केले, आणि त्यांचा त्यावरील ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे शिष्यवृत्तीच्या परीक्षेत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ नावाची प्रश्नपत्रिका आली, आणि हा विषय महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलाच्या तोंडी बसला.

परंतु दोन लिप्यांतील एक भेद या सगळ्या इतिहासात फारसा कोणी पाहिलेला दिसत नाही, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी वर्णमालेचा क्रम हा निव्वळ शिरस्ता आहे. बी नंतर सी का, याला ‘पूर्वापार असे आहे’ यापलीकडे उत्तर नाही. म्हणून त्या अक्षरांना पुढे-मागे सरकवून जे कोडे घातले जाते त्यात आकड्यांच्या हालचालीशिवाय दुसरे काही घडत नाही. आपल्या वर्णमालेचे तसे नाही. तिच्यात क्रम म्हणजे मुखातील स्थान आहे. ‘गज’ हा शब्द घ्या आणि प्रत्येक अक्षर पाच घरे पुढे सरकवा: ग चा ज होतो, ज चा ड होतो, आणि हाती येतो ‘जड’. हत्तीचा असा जड झालेला पाहून मुले हसतात, पण खरी गंमत पुढेच आहे. पाच घरे पुढे सरकणे म्हणजे एक सबंध वर्ग ओलांडणे. ध्वनीची जात तीच, अल्पप्राण तो अल्पप्राण आणि मृदू तो मृदूच राहिला, फक्त उच्चार कंठातून तालूवर आणि तालूवरून मूर्ध्यावर गेला. हे कोडे पेन्सिलीशिवाय, केवळ जीभ हलवून सोडवता येते. मूलदेवाने वर्गांचीच अदलाबदल केली ती याच जाणिवेने. आणि याच ‘गज’ शब्दाचा कटपयादि पद्धतीने आकडा करावयाचा तर क-वर्गातला तिसरा म्हणून ग चे तीन, पुढे मोजत गेले की ज चे आठ, आणि आकडे उजवीकडून डावीकडे वाचावयाचे असल्यामुळे त्र्याऐंशी. या पद्धतीत एका अंकाला अनेक अक्षरे चालतात, म्हणून जुने ज्योतिषी रुक्ष संख्यांचे अर्थपूर्ण श्लोक करू शकले. आमच्या पेढीच्या किल्लीत ती मुभा नाही, म्हणून तिच्यातून कविता निघत नाही, दरच निघतो.

सुरतेत मराठी माणूस म्हटला की १६६४ आणि १६७० या दोनच सालांची आठवण काढली जाते, आणि गुजराती स्नेह्यांच्या बैठकीत ती मला थट्टेने ऐकवलीही जाते. मला मात्र या शहरातल्या मराठी वास्तव्याचे मूळपुरुष म्हणून आठवतात ते दादोबा पांडुरंग तर्खडकर. १८३६ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारा हा विद्वान पुढे येथल्या सरकारी इंग्रजी शाळेत अध्यापक म्हणून आला, आणि १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी वगैरे गुजराती मित्रांबरोबर त्याने येथे मानवधर्म सभा स्थापन केली. जादूटोणा, मंत्रतंत्र, भुतेखेते यांच्या नावाने जे काही गूढ म्हणून खपवले जात होते, त्याची उघड्यावर चिकित्सा करणे हा त्या सभेचा एक उद्योग होता. विशेष हे की, तोच मनुष्य पुढे मुंबईस १८४९ च्या सुमारास स्थापन झालेल्या परमहंस सभेच्या संस्थापकांत होता, आणि ती सभा मात्र पूर्णपणे गुप्त होती. इतकी की तिचे दप्तर चोरीस जाऊन सभासदांची नावे उघड होण्याचा प्रसंग आला, तेव्हा मंडळी विखुरली. एकाच माणसाच्या हातून गूढाचा विध्वंसही व्हावा आणि गुपिताची उभारणीही, यात मला विसंगती दिसत नाही. त्याला दोन्हींतला फरक कळत होता. व्याकरणकार होता तो.

वैयाकरणांच्या घरी तर संकेत हा लपवण्यासाठी नसतोच. पाणिनीने ‘अच्’ म्हटले की सारे स्वर आले, ‘हल्’ म्हटले की सारी व्यंजने. चौदा सूत्रांत वर्ण अशा खुबीने मांडले की पुढे कोणताही समूह दोन अक्षरांत बोलता यावा. हीही सांकेतिक भाषाच, पण तिचा हेतू लाघव हा आहे. अर्धी मात्रा वाचली तर घरात मुलगा झाल्याइतका आनंद ज्यांना होत असे, असे ते लोक. बाजारातील संकेत परक्याला बाहेर ठेवण्यासाठी असतो, शास्त्रातील संकेत शिष्याचा भार हलका करण्यासाठी. मग परीक्षेच्या पत्रिकेतील संकेत या दोहोंपैकी कोणत्या घरचा, हा प्रश्न मला बरेच दिवस सुटत नव्हता, आणि तो ज्या प्रसंगाने सुटला तो अगदी साधा आहे.

डिंडोलीचा एक मुलगा एका संध्याकाळी या प्रकारातले एक पुष्कळ मळलेले उदाहरण घेऊन आला. ए-टी म्हणजे वीस, बी-ए-टी म्हणजे चाळीस. तर सी-ए-टी म्हणजे किती? पुस्तकातले उत्तर साठ. अक्षरांच्या क्रमांकांचा गुणाकार करावयाचा: एक गुणिले वीस म्हणजे वीस, त्याला दोनाने गुणले की चाळीस, आणि दोनाऐवजी तिनाने गुणले की साठ. हे मी त्याला समजावून दिले. त्याने मान हलवली, वही मिटली, पुन्हा उघडली, आणि म्हणाला, “आबा, मंग चाळीस का बरं नही?” त्याचे म्हणणे असे की, पहिल्या शब्दात दोन अक्षरे होती तेव्हा वीस झाले, एक अक्षर वाढले तेव्हा वीस वाढून चाळीस झाले, आता सी-ए-टी मध्येही अक्षरे तीनच आहेत, तेव्हा चाळीसच आले पाहिजेत. आणि पर्यायांत चाळीस हा आकडा होता.

त्याचे चुकले कोठे? दिलेल्या दोन्ही उदाहरणांना त्याचा नियम तंतोतंत लागू पडत होता. किंबहुना दोनच उदाहरणे दिली असता त्यांना लागू पडणारे नियम हवे तितके काढता येतील हे कोणीही गणिती सांगेल. क्षणभर मला असेही वाटले की, हा मुलगा परीक्षकाहून जास्त प्रामाणिकपणे विचार करीत आहे. मग मी त्याला विचारले, “तुझ्या नियमातले हे वीस आले कुठून?” तो म्हणाला, “ते दिलेलेच आहेत ना.” आणि तेथेच गाठ उकलली. त्याच्या नियमात वीस हा आकडा गृहीत धरावा लागत होता. तो वीसच का, पंचवीस का नव्हे, याचे उत्तर त्या नियमापाशी नव्हते. गुणाकाराच्या नियमात मात्र टी हे विसावे अक्षर असल्यामुळे तो आकडा आपोआप निघत होता, आणि चाळिसाची उपपत्ती बी दुसरे अक्षर असल्यामुळे लागत होती. उपरे असे तेथे काहीच उरत नव्हते. नैयायिक यालाच लाघव म्हणतात, आणि जेथे एक कल्पना अधिक करावी लागते तेथे गौरवाचा दोष देतात. दोन पक्ष सारखेच संभवत असता लाघवाकडे झुकावे, हा त्यांचा नियम मी तरुणपणी एका शास्त्रीबुवांच्या ओट्यावर ऐकला होता. त्याचा उपयोग रेल्वेच्या परीक्षेत होईल असे त्यांनाही वाटले नसेल.

तेव्हापासून मला या प्रश्नांचा स्वभाव कळू लागला. परीक्षेचा संकेत हे असे गुपित आहे की, ते करणाऱ्याची इच्छा ते फुटावे हीच असते. पेढीच्या किल्लीत लाघव पाहणारा फसेल. तेथे वडीलधाऱ्याच्या मनात कोणता देव किंवा कोणती नात होती हे तर्काने निघत नाही. परीक्षकाने मात्र तुमच्याशी एक अलिखित करार केलेला असतो की, ज्याची गरज नाही असे काहीही मी मध्ये घालणार नाही. तुम्ही त्याला ओळखत नाही, तो तुम्हाला ओळखत नाही. दोघांच्या मध्ये फक्त ‘सोपे काय’ याविषयीची एक सामाईक रुची असते, आणि मोजली जाते ती बरीचशी तीच. ही रुची उपजत असते असे मानून पूर्वी बुद्ध्यंक काढीत. पण ती सरावाने येते हे मी रोज पाहतो. ज्याने अशी पाचशे उदाहरणे घासली आहेत त्याला परीक्षकाचे मन शेजाऱ्यासारखे ओळखीचे होते, आणि ज्याने प्रथमच पत्रिका उघडली तो कितीही तल्लख असला तरी चाळीस का नाही यात अडकून राहतो. शिकवणीची भरमसाट फी ज्याला परवडते त्याच्या पदरी ही ओळख लवकर पडते, आणि म्हणून जातिवंत बुद्धीची कसोटी म्हणून या पत्रिकेचा जो डांगोरा पिटला जातो तो मला मान्य नाही.

शिवाय परीक्षकही कधी कधी करार मोडतो. खरोखरच दोन नियम सारख्याच लाघवाने बसतात आणि दोन उत्तरे बरोबर ठरतात, असे प्रश्न येतात. त्यासाठी उत्तरतालिका जाहीर झाल्यावर ठराविक मुदतीत शुल्क भरून हरकत नोंदवण्याची सोय असते, आणि ही हरकतीची दरखास्त लिहून देण्याचे काम ओट्यावर माझ्याकडे येते. जुन्या दफ्तरी भाषेचा मला अभिमान असल्यामुळे मी ती ऐटीत लिहितो; मुले तिचे त्या संगणकाच्या रकान्यात बसेल एवढे इंग्रजी करून घेतात.

या सगळ्या प्रकारांत माझा आवडता प्रकार मात्र निराळा आहे. त्यात तीन वाक्ये दिलेली असतात आणि त्यांची एखाद्या बनावट भाषेतील रूपे दिलेली असतात, पण शब्दांचा क्रम विस्कटलेला असतो. कोणता शब्द दोन वाक्यांत सामाईक आहे आणि त्याबरोबर कोणता बनावट शब्द दोन्हीकडे आला आहे, हे ताडून एकेक अर्थ सोडवीत जावयाचे. हे कोडे नव्हे, हे लिपिशास्त्र आहे. कलकत्त्याच्या टांकसाळीतला जेम्स प्रिन्सेप सांचीच्या स्तूपावरील लहान लहान लेखांचे ठसे पाहत बसला असता, त्याच्या ध्यानात आले की, बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात. एवढ्या लोकांनी एवढ्या दगडांवर शेवटी सारखेच काय लिहिले असेल? देवळात दगड देणारा माणूस दुसरे काय लिहिणार. त्याने ‘दानं’ असे अनुमान केले, आणि त्या दोन अक्षरांच्या फटीतून १८३७ साली सबंध ब्राह्मी लिपी उघडली, गिरनारच्या शिळेवरचा अशोक बोलू लागला. प्रिन्सेपला अक्षरे अशी हाती लागली ती माणसांच्या चालीरीतीवरून. पत्रिकेतील ‘पि ता सा’ आणि ‘ता ली मो’ यांच्यामागे कोणी दाता नसतो, कोणी देऊळ नसते, ही एवढीच त्या प्रश्नात उणीव. पण रीत तीच, आणि नव्या मुलांना मी प्रथम तेच प्रश्न देतो.

गेल्या पावसाळ्यात नवागामच्या एका मुलीने मला अनपेक्षित विद्या शिकवली. इंग्रजी अक्षरांच्या उलट्या जोड्या पाठ करण्याचा तिला कंटाळा आला होता, आणि ती मराठी शाळेत शिकलेली असल्यामुळे तिने आपल्या व्यंजनांच्या जोड्या लावून पाहिल्या. क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरे म्हणून तिने बाजूला ठेवली, उरली चौतीस. पहिले आणि शेवटचे, दुसरे आणि उपान्त्य, असे मांडत गेल्यावर तिला आढळले की, मंत्र बनवण्याची गरजच नाही. क आणि ळ यांची जोडी म्हणजे ‘कळ’, च आणि व म्हणजे ‘चव’, छ आणि ल म्हणजे ‘छल’, ज आणि र म्हणजे ‘जर’, ड आणि फ म्हणजे ‘डफ’. ट आणि भ यांना उलटे केले की ‘भट’. ट पुढून अकरावा आणि भ मागून अकरावा, दोन्ही बाजूंनी मोजून मी खात्री करून घेतली. शेजारची गुजराती मुलेही लगेच त्यात सामील झाली, कारण क्रम त्यांचाही हाच. अडले ते ङ पाशी. त्याची जोडी श शी, आणि ङ ने आरंभ होणारा शब्द आणावयाचा कोठून? मी तिला जुन्या पोथ्यांतल्यासारखा परसवर्ण लिहून ‘शङ्ख’ करून दिला. तिने तो वहीत उतरवून घेतला, त्याच्याकडे थोडा वेळ पाहिले, आणि म्हणाली, “छान आहे, आबा, पण मराठीतून पेपर मागितला तरी अक्षरं इंग्रजीच येतात. जी टी रोड पुन्हा एकदा घ्या.”